कच्च्या कैद्याचे मत

मताधिकाराचा इतिहास आपल्याकडे चढत्या पायऱ्यांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. १९१९च्या कायद्याने सारा आणि प्राप्तिकर भरणाऱ्या मूठभरांना मत मिळाले, १९३५च्या कायद्याने ही मूठ थोडी मोठी झाली, आणि २६ जानेवारी १९५० रोजी घटनेच्या ३२६व्या कलमाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मतदार केले. वर्गात मीही तो असाच शिकवतो, कारण हा इतिहास खोटा नाही. ज्याच्या आधीच्या सात पिढ्यांनी महाविद्यालयाचे दार पाहिले नाही अशा घरातून मी आलो. ३२६वे कलम नसते तर आमच्या वस्तीत रस्ता मागण्याचीही कोणाची छाती झाली नसती, हे मला ठाऊक आहे. पण हा इतिहास अपुरा आहे. गुन्हेगार ठरवलेल्या किंवा नुसत्या संशयावरून कोठडीत टाकलेल्या माणसाच्या मताचे काय झाले, हा प्रश्न त्यात येत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारायचा आहे, कारण कोठडीत कोण जातो आणि कोण बाहेर राहतो, हे या देशात जातीला सोडून ठरत नाही.

१.

प्रश्न वर्धा जिल्ह्यातून विचारण्यास कारण आहे. या जिल्ह्याच्या इतिहासात तुरुंगाला मोठी प्रतिष्ठा आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली आणि ते तुरुंगात गेले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर जमाव गेला. गोळीबार झाला, माणसे पडली, पोलीसही मारले गेले. खटले होऊन फाशीच्या शिक्षा झाल्या व पुढे त्या जन्मठेपेत बदलल्या गेल्या. १९३५च्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टानुसार काळ्या पाण्याची, सक्तमजुरीची वा कारावासाची शिक्षा भोगत असलेल्या माणसाला मत देता येत नसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आष्टीचे हे शेतकरी खुनी होते आणि शिक्षा भोगत असेपर्यंत त्यांना मत नव्हते. १९४७ नंतर तेच हुतात्मे व स्वातंत्र्यसैनिक झाले. त्यांच्या माथ्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला, आणि तो पुसला गेला हे योग्यच झाले.

याच जिल्ह्यात गावाबाहेर, माळावर, पारध्यांचे बेडे आहेत. त्यांच्या माथ्यावरचा शिक्का १९४२च्या कितीतरी आधीचा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तरेकडे लागू झाला, १९११च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर गेली, आणि १९२४ साली त्याची पुन्हा एकदा घट्ट बांधणी झाली. या कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. जमातीचे नाव सरकारी राजपत्रात आले की तिच्यातल्या माणसांची नोंद होई, हजेरी लागे, गाव सोडायला परवाना लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत माणसे कुटुंबकबिल्यासह कोंडली गेली. मनुस्मृतीने जे जन्मावरून केले तेच इंग्रजी राजपत्राने जन्मावरूनच केले. फरक फक्त भाषेचा.

हा कायदा केंद्रातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्तांचा तो मुक्तिदिन. पण तारखा नीट पाहाव्यात. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. वर्धा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. काही प्रांतांनी हा कायदा आधीच मोडीत काढला होता, पण केंद्राच्या कायदेपुस्तकात तो पहिल्या मतदानाच्या दिवशीही जिवंत होता. एकाच राज्यसत्तेच्या एका वहीत माणूस मतदार होता आणि दुसऱ्या वहीत जन्मतः गुन्हेगार. पुढे शब्द बदलला. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव त्यातून गेले. पोलीस ठाण्याच्या स्मरणातून मात्र ते गेले नाही.

आष्टीच्या माणसाचा शिक्का स्वातंत्र्याने पुसला, बेड्यावरच्या माणसाचा राहिला. गुन्हेगार कोण, हे गुन्ह्यापेक्षा सांगणाऱ्यावर अवलंबून असते, याचा याहून ठळक पुरावा एका जिल्ह्यात सापडणे कठीण.

२.

इथे आपल्या चळवळीला थोडे अवघड जाईल अशा एका गोष्टीकडे वळले पाहिजे. मताधिकाराचा प्रश्न या देशात ज्यांनी सर्वांत सातत्याने लढवला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१९ साली साउथबरो समितीपुढे, १९२८ साली सायमन कमिशनपुढे, गोलमेज परिषदेत आणि १९३२च्या लोथियन मताधिकार समितीत त्यांनी मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटींवर घाव घातले. ज्यांना समाजाने मालमत्ता व शिक्षण मिळू दिले नाही त्यांच्याकडेच या गोष्टींचा दाखला मागायचा, यातला कावा त्यांनी ओळखला होता. १९२८ साली तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याला सायमन कमिशनपुढे साक्ष देताना त्यांना आदिवासी व गुन्हेगार जमातींबद्दल विचारले गेले. आदिवासींना मत देण्यास हरकत नाही, पण गुन्हेगार जमातींना ते देणे सर्वांच्या दृष्टीने हिताचे होणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

हे उत्तर दडवण्याचे कारण नाही आणि त्यावरून बाबासाहेबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचेही नाही. त्यातून शिकण्यासारखे आहे ते निराळे. 'गुन्हेगार' हा शब्द एवढा प्रभावी असतो की मालमत्तेची अट, शिक्षणाची अट, जातीची अट, सगळ्या अटींचा पोकळपणा ज्याने उघडा केला त्या बुद्धीलाही त्या क्षणी तो शब्द तपासावासा वाटला नाही. राजपत्राने दिलेले नाव वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले गेले. बाविसाएक वर्षांनी त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने जी घटना सिद्ध केली, तिच्या ३२६व्या कलमात कोणत्याही जमातीला वगळलेले नाही. वास्तव्य, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतील भ्रष्ट वा बेकायदा वर्तन एवढ्याच कारणांवरून एखाद्याला मतदार म्हणून अपात्र ठरवता येईल, असे ते कलम सांगते. १९२८च्या उत्तराला १९५०च्या घटनेने मागे टाकले. आपण वारसा सांगायचा तो पुढे गेलेल्या पावलाचा.

३.

पण घटनेने उघडलेले दार कायद्याने किती उघडे ठेवले? आज जो कायदा लागू आहे तो १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा. कायदामंत्री या नात्याने तो संसदेतून बाबासाहेबांनीच नेला. त्याच्या ६२व्या कलमाचे ५वे उपकलम असे सांगते की, जो माणूस शिक्षा होऊन अथवा अन्य कारणाने तुरुंगात आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला कोणत्याही निवडणुकीत मत देता येणार नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्या माणसाला मात्र ही मनाई नाही.

यातले 'अथवा अन्य कारणाने' हे शब्द नजरेतून सुटू देऊ नयेत. १९३५च्या परक्या सरकारने मत काढून घेतले ते शिक्षा भोगणाऱ्याचे. आपल्या सरकारने शिक्षा न झालेल्याचेही काढून घेतले. तुरुंगाच्या भाषेत बोलायचे तर पक्क्या कैद्याबरोबर कच्चा कैदीही मतापासून तुटला. घटनेतील शब्द 'गुन्हा' असा आहे, आणि कच्च्या कैद्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो.

उलट बाजूही पाहावी. ज्याला शिक्षा झाली पण वरच्या कोर्टातून जामीन मिळाला, तो तुरुंगाबाहेर आहे म्हणून मत देऊ शकतो. शिक्षा भोगून सुटलेला माणूसही मत देऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी, कोणताही अर्ज लागत नाही. निवडणुकीशी संबंधित काही गुन्ह्यांतच मतदानाला सहा वर्षांची बंदी येते. एरवी चोरीची, मारामारीची, खुनाचीही शिक्षा मत कायमचे हिरावून घेत नाही. शिक्षा भोगून आलेले कित्येकजण आपले मत गेले असे समजून मतदान केंद्राकडे फिरकत नाहीत. त्यांना हे सांगणारे कोणी नसते.

म्हणजे आपल्या कायद्याची कसोटी गुन्हा ही नाहीच. कसोटी आहे भिंत. भिंतीबाहेरचा दोषी मत देतो, भिंतीआतला निर्दोष देत नाही. आणि भिंतीच्या बाहेर कोण येऊ शकतो? ज्याच्यामागे जामीनदार उभा राहतो तो. जामीनदार कोण होऊ शकतो? ज्याच्याकडे सात-बाराचा उतारा आहे, घराची कर पावती आहे, ऐपतीचा दाखला आहे तो. १९५० साली मतदार यादीच्या दारातून हाकललेली मालमत्तेची अट अशा रीतीने जामिनाच्या खिडकीतून घरात परत आली. या लेखाला जे म्हणायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

ही कल्पना नव्हे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्यप्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला होता. खालच्या न्यायाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि मोतीरामचा भाऊ जामीन राहायला आला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीवर कोरडे ओढले आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. आता बेड्यावरच्या माणसाचा विचार करा. त्याच्या नावावर जमीन नाही, ज्या जागेवर पाल आहे ती सरकारी किंवा वनखात्याची, आणि गावातला सात-बारावाला त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढणार नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. दारू गाळण्याच्या संशयावरून बेड्यांवर धाडी पडतात, भांडी फुटतात, माणसे ताब्यात घेतली जातात. दारू पिणारा बहुधा गावातला असतो. पकडला जाणारा गावाबाहेरचा. मतदानाचा दिवस अशा कोठडीत उजाडला की मत गेले.

४.

हा कायदा कोर्टात आव्हानला गेला नाही असे नाही. १९८३ साली आणि पुन्हा १९९७ साली, अनुकूलचंद्र प्रधान यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायालयाची कारणे साधारण अशी: कैद्यांना मत द्यायचे तर पोलीस व साधने फार लागतील, तुरुंगातला माणूस आपल्याच वर्तनाने तिथे गेला आहे, तेव्हा त्याने बाहेरच्याइतक्या स्वातंत्र्याची अपेक्षा करू नये, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणे इष्ट आहे. २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच वाटेने जात कायद्याच्या विद्यार्थ्यांची याचिका फेटाळली.

ही कारणे एकेक करून तपासली तर टिकत नाहीत. साधनांचे म्हणाल, तर प्रतिबंधक स्थानबद्धाला १९६१च्या निवडणूक नियमांनुसार टपालाने मत देता येते. तोही तुरुंगातच असतो. एका बराकीपर्यंत जाणारी मतपत्रिका शेजारच्या बराकीपर्यंत का जाऊ शकत नाही? महाराष्ट्रात तर याची विटंबनाच होते. १९८१च्या कायद्याने हातभट्टीवाल्याला 'धोकादायक' म्हणून स्थानबद्ध करता येते. स्थानबद्ध केलेल्या हातभट्टीवाल्याला मत आहे. दारूबंदीच्या साध्या गुन्ह्यात पकडून जामीनदाराअभावी आत राहिलेल्याला नाही. स्थानबद्धांना ही सवलत का मिळाली असावी? १९५१ साली कायदा करणारे बहुतेकजण स्वतः राजबंदी म्हणून तुरुंगात राहून आलेले होते, हे विसरता येत नाही. त्यांना राजबंद्याचे दुःख ठाऊक होते. भुरट्या चोरीच्या संशयावरून आत सडणाऱ्याचे ठाऊक नव्हते. त्या बराकीत त्यांचे कोणी नव्हते.

आपल्या वर्तनाने आत गेला, हे विधान पक्क्या कैद्याबद्दल निदान वादासाठी तरी मान्य करता येईल. पण ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतीय तुरुंगांत असलेल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. चारातले तीन. त्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा, लोकसंख्येतील वाट्याहून अधिक. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग मिळून दोन-तृतीयांशाच्या आसपास. त्यांना आत नेले ते वर्तनाने की ऐपतीने, हे आकडेच सांगतात.

आणि गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवण्याचे? १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याला आत राहून मत देता येत नाही त्याला उभेही राहता येणार नाही. संसद खडबडून जागी झाली. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला: मताला मनाई असली तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतो, म्हणून तो उमेदवार होऊ शकतो. मत द्यायची मनाई मात्र तशीच ठेवली. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला निवडून आले होते. २०२४ साली बारामुल्लाहून तिहारमधला कच्चा कैदी लोकसभेवर गेला. त्यांच्या निवडून येण्याला आपला आक्षेप नाही. दोष सिद्ध झाला नसेल तर माणसाला उभे राहण्याचा हक्क हवाच. पण ज्याला लाखोंची मते घेता येतात त्याला स्वतःचे एक देता येत नाही, हा कोणता न्याय? उमेदवारी पक्षांना हवी होती, ती एका वर्षात परत मिळाली. मत गरीब कैद्याला हवे होते. त्यासाठी अधिवेशन भरत नाही.

५.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. १९७२ साली ज्या काळ्या बांधवांच्या पँथरवरून आपल्या पँथरने नाव घेतले, त्यांच्या देशात हे हत्यार अधिक उघडपणे वापरले गेले. गुलामगिरी संपल्यावर मिसिसिपी राज्याने १८९० साली नवी घटना केली आणि मत हिरावणाऱ्या गुन्ह्यांची यादी दिली. काळे लोक करतात असे समजले जाणारे चोरी, जाळपोळ असे गुन्हे तीत होते. खून आणि बलात्कार नव्हते! अलाबामाने १९०१ साली असेच कलम गोऱ्यांचे वर्चस्व राखण्यासाठी केले होते हे मान्य करून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९८५ साली रद्द केले. फ्लोरिडात २०१८ साली जवळपास ६५ टक्के मतदारांनी, शिक्षा पुरी केलेल्यांना, खून व लैंगिक गुन्हे वगळता, मत परत द्यावे असा कौल दिला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने अट घातली की आधी दंड व कोर्टाचे शुल्क पूर्ण फेडा. जात आणि वर्ण निराळे, समुद्र मध्ये, पण खिडकी तीच: पैसा.

याच्या उलट दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीने ज्यांना रॉबेन बेटावर डांबले त्यांनी नवी घटना केली. १९९९ साली तिथल्या घटना न्यायालयाने कैद्यांची मतदार नोंदणी करण्याचे आदेश दिले. पुढे सरकारने, दंडाचा पर्याय नसलेली शिक्षा भोगणाऱ्यांचे मत काढण्याचा प्रयत्न केला, तोही २००४ साली न्यायालयाने हाणून पाडला. मत हा चांगल्या वागणुकीचा बक्षीस-बिल्ला नसून माणूस असण्याची खूण आहे, ही त्यामागची जाणीव. तुरुंगाचा अनुभव आपल्या राज्यकर्त्यांनाही होता. त्यांनी त्यातून स्वतःच्या प्रकारच्या कैद्यापुरता धडा घेतला, आफ्रिकेने सगळ्यांपुरता.

६.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले, विमुक्त जमातींना सराईत समजणारी कलमे रद्द केली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. म्हणजे तुरुंगाच्या भिंतीआड मनू आणि १८७१ दोघेही पंचाहत्तर वर्षे सुखाने नांदत होते, हे न्यायालयानेच मान्य केले. ज्या संस्थेत जात इतकी मुरलेली होती, तिची भिंत हीच मताधिकाराची सीमा कशी मानायची, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

मागणी साधी आहे. ६२व्या कलमातील 'अथवा अन्य कारणाने' हे शब्द आणि पोलीस ताब्यासंबंधीचा भाग काढावा. स्थानबद्धाला जशी टपाली मतपत्रिका मिळते तशी कच्च्या कैद्याला मिळावी. शिक्षा झालेल्यांचा प्रश्न त्यानंतर, पण त्याच तत्त्वावर, लढवावा लागेल. विमुक्तांच्या संघटना आणि आंबेडकरी चळवळ यांनी हा प्रश्न एकत्र हाती घेतला तर १९२८ सालचे ते जुने अंतरही त्यातून मिटेल.

कायदा बदलेपर्यंत काही काम आपल्या हाती आहे. मतदार यादीच्या पुनरीक्षणाला घरोघर जाणारे बहुतेकजण शिक्षक असतात, आणि या नियतकालिकाचे कितीतरी वाचकही शिक्षक आहेत. १९५०च्या कायद्याच्या २०व्या कलमानुसार तुरुंगात असल्याने माणूस तुरुंगाचा रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीने त्याचे गावातले वास्तव्य संपत नाही. तरी 'तो इथे राहत नाही' असे शेजारच्याने सांगितले की नावावर रेघ ओढली जाते. बेड्यावर जाऊन, आत असलेल्याचे नाव त्याच्या बायकोला किंवा आईला विचारून, ती रेघ न ओढणे. आणि सुटून आलेल्याला, तुझे मत शाबूत आहे, असे तोंडाने सांगणे, एवढे तर येत्या पुनरीक्षणातच करता येईल.